रिकाम्या बॅगेचे वजनदार अर्थकारण

देवळाली कॅम्पचे प्रवासाशी असलेले नाते जुने आहे. ब्रिटिश अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक बोटीची वाट पाहत येथील छावणीत मुक्काम करीत. बदलीच्या गावी निघालेल्या जवानाची काळी पत्र्याची ट्रंक हेही येथील परिचित दृश्य. या छावणीच्या एका बाजूला गोंदे आणि दुसऱ्या बाजूला सिन्नर आहे. गोंदे येथे सॅमसोनाइट, तर सिन्नरला व्हीआयपी इंडस्ट्रीज या कंपन्यांच्या प्रवासी बॅगा तयार होतात. ग्राहकोपयोगी वस्तूंचा जागतिक व्यापार कसा चालतो आणि कोठे अडखळतो, हे या दोन नावांवरून नेमके कळते.

सॅमसोनाइटची स्थापना १९१० साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे झाली. २०११ मध्ये तिच्या समभागांची नोंदणी हाँगकाँगच्या बाजारात झाली. कंपनीचा बहुतांश माल बाहेरच्या पुरवठादारांकडून येतो. तिचे स्वतःचे प्रमुख कारखाने बेल्जियम, हंगेरी आणि नाशिक येथे आहेत. यामागे साधा हिशेब आहे. टणक बॅग वजनाला हलकी, पण जागा अडवणारी. ती जहाजाने दूरवर पाठवायची म्हणजे कंटेनरभर हवेचे भाडे मोजण्यासारखेच. म्हणून अशी बॅग ग्राहकाच्या जवळ तयार करणे परवडते. कापडी बॅगेचे तसे नाही. तिच्यात शिलाईचे काम अधिक, त्यामुळे ती स्वस्त मजुरीच्या देशाकडे ओढली जाते.

दुसरा प्रश्न किमतीचा. एकाच नावाने सर्व थरांतील ग्राहक सांभाळता येत नाहीत. त्यामुळे सॅमसोनाइटने वरच्या वर्गासाठी मूळ नाव राखले, मध्यमवर्गासाठी अमेरिकन टुरिस्टर आणि त्याखाली कामिलियंट आणले. व्हीआयपीनेही अ‍ॅरिस्टोक्रॅट, स्कायबॅग्ज आणि २००४ मध्ये विकत घेतलेली ब्रिटिश ‘कार्लटन’ अशी उतरंड रचली.

मात्र नियोजन कितीही चोख असले, तरी मागणी कंपनीच्या हाती नसते. करोनामुळे प्रवास थांबला आणि सॅमसोनाइटची २०१९ मधील सुमारे ३.६ अब्ज डॉलरची विक्री २०२० मध्ये दीड अब्जांवर आली. पुढे प्रवास पूर्ववत झाला, पण भारतीय ग्राहकाची आवड टणक बॅगेकडे वळली होती. बांगलादेशातील कारखान्यांत कापडी बॅगा तयार करणाऱ्या व्हीआयपीकडे न खपलेल्या मालाचा साठा वाढला. त्यातच ऑनलाइन विक्रीतील सवलतींचे युद्ध पेटले आणि सफारीसारख्या प्रतिस्पर्ध्याने बाजारातील आपला वाटा वाढवला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात व्हीआयपीला तोटा झाला. जुलै २०२५ मध्ये पिरामल कुटुंबाने सुमारे ३२ टक्के हिस्सा मल्टिपल्स या गुंतवणूक संस्थेच्या नेतृत्वाखालील गटाला विकण्याचा करार जाहीर केला.

या घडामोडींत नाशिकसाठी धडा आहे. टणक बॅगेची आजची मागणी येथील कारखान्यांच्या पथ्यावर पडणारी आहे. पण ती जशी आली तशी जाऊही शकते. केवळ अंतराच्या लाभावर विसंबून राहणे धोक्याचे ठरेल. साचे बनविण्याचे कौशल्य, चाके आणि हँडल पुरविणारे लघुउद्योग आणि प्रशिक्षित कामगार हे सारे याच परिसरात एकवटले, तरच कारखाना हलविणे महाग पडेल. जागतिक कंपनीला गावाची माया नसते, हिशेबाची असते. तो हिशेब आपल्या बाजूने राखणे, हेच गोंदे-सिन्नरच्या रोजगाराचे खरे संरक्षण आहे.