हार्ड डिस्क ‘सापडली नाही’, पण नक्की कोणाला?

जुन्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना जे काही एरर मेसेज येतात, त्यात माझ्या सर्वात डोक्यात जाणारा मेसेज म्हणजे ‘या संगणकात एकही हार्ड डिस्क सापडली नाही’. कारण हे वाक्य बऱ्याचदा चक्क खोटं असतं. डिस्क जागेवर असते, फिरत असते (एसएसडी असेल तर गप्प बसलेली असते), बायॉसमध्ये तिचं नाव आणि साइज दिसत असते. दिसत नसते ती फक्त इन्स्टॉलर नावाच्या साहेबांना. आणि साहेबांना दिसली नाही म्हणजे ती नाहीच! नाचता येईना, अंगण वाकडं.

थोडा इतिहास. विंडोज एक्सपी आलं ऑक्टोबर २००१ मध्ये. साटा डिस्कशी बोलायची एएचसीआय ही पद्धत आली २००४ मध्ये. म्हणजे एक्सपीच्या मूळ सीडीत तिचा ड्रायव्हर असणं शक्यच नव्हतं. त्यावर उपाय काय, तर सेटअप सुरू होताना स्क्रीनच्या तळाशी काही सेकंद एक ओळ यायची, तेवढ्यात एफ-६ दाबायचं आणि ड्रायव्हर द्यायचा फ्लॉपीवर. मशीनला फ्लॉपी ड्राइव्ह नसला तरी फ्लॉपीच. मग जाणकार मंडळी एनलाइट वापरून ड्रायव्हर घातलेली स्वतःची सीडी बनवायची, किंवा बायॉसमध्ये साटा मोड बदलून आयडीई करायची. ज्याला यातलं काही माहीत नाही तो दुकानातून नवी डिस्क आणायचा. तीही ‘सापडायची’ नाही हे सांगायला नकोच.

आता कोणी म्हणेल, २००१ च्या सीडीला २००४ चं हार्डवेअर कसं कळणार? चालवता येणार नाही, मान्य. पण काहीतरी तिथे आहे एवढं नक्की कळू शकतं, आणि माझं भांडण इथेच आहे. पीसीआय बसवरचं प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख सांगतं: बनवणारा कोण, मॉडेल कुठलं आणि आपण कुठल्या वर्गातले. (इंटेलचा नंबर ८०८६ आहे. कोणीतरी मजेत निवडलेला दिसतोय.) वर्ग ०१ म्हणजे साठवणुकीची उपकरणं. त्यात उपवर्ग ०१ आयडीई, ०४ रेड, ०६ साटा, ०८ एनव्हीएमई. ही माहिती वाचायला त्या उपकरणाचा ड्रायव्हर लागत नाही. म्हणजे ‘डिस्क कंट्रोलर आहे, पण मला त्याच्याशी बोलता येत नाही’ असं म्हणण्याइतकी माहिती इन्स्टॉलरच्या हातात असते. तरीही तो म्हणतो डिस्क नाही. नाडी सापडली नाही म्हणून डॉक्टरने पेशंटच्या मृत्यूचा दाखला लिहून द्यावा, तसलाच हा प्रकार.

जे कोड लिहितात त्यांना हे कुठून येतं ते लगेच कळेल. एक फंक्शन यादी परत करतं. यादी रिकामी आली की छापा ‘काही सापडलं नाही’. रिकामी यादी आणि वाचताच न आलेली यादी यात फरक करायचा कोणीतरी कंटाळा केलाय. हेच एखाद्या फ्रेशरने केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याचा जीव खातो.

लिनक्सवाल्यांनी कॉलर ताठ करायचं कारण नाही. इंटेलच्या आरएसटी प्रकारात अनेक लॅपटॉप ‘रेड’ मोडवर सेट होऊन येत, डिस्क एकच असली तरी. या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड लपते. लिनक्स कर्नलला हे माहीत आहे! त्याचा एएचसीआय ड्रायव्हर लॉगमध्ये स्पष्ट लिहितो की इतकी एनव्हीएमई उपकरणं रिमॅप झालेली सापडली, वापरायची असतील तर बायॉसमध्ये रेडवरून एएचसीआयवर या. रोगाचं निदान आणि औषध दोन्ही तयार. फक्त ते लॉगमध्ये, आणि समोरच्या खिडकीत डिस्कची यादी रिकामी. उबुंटूच्या इन्स्टॉलरने पुढे ‘आरएसटी बंद करा’ असं सांगणारं पानच घातलं, तेव्हा हे जमत नाही असं कोणी सांगू नये.

आणि याची किंमत कोण भरतं? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा २०१७ चा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून ते लिनक्स टाकून घ्यायला एका दुकानात गेले. दुकानदाराने पेनड्राइव्ह लावला, यादी रिकामी, निदान झालं: “काका, एसएसडी गेली. नवीन टाकू, साडेचार हजार. डेटा मात्र विसरा.” त्या डेटात नातीचे सहा वर्षांचे फोटो. काकांचा चेहरा पडला. अहो पण आदल्या रात्री त्याच एसएसडीवरून विंडोज सुरू झालं होतं! पेनड्राइव्ह काढला की अजूनही होत होतं. दुकानदार लबाड होता असं मला वाटत नाही. स्क्रीनवर जे आलं ते त्याने वाचून दाखवलं. काम किती? फोटो बाहेर कॉपी करा, बायॉसमध्ये एक पर्याय बदला, इन्स्टॉल करा. एका दुपारचं काम.

‘सामान्य माणसाला कंट्रोलर वगैरे काय कळणार’ हा युक्तिवाद मी मीटिंगमध्ये इतक्या वेळा ऐकलाय की आता ऐकवत नाही. काकांना कंट्रोलर नसेल कळत, पण ‘डिस्क गेलेली नसावी, ड्रायव्हर नाही, बायॉसमध्ये साटा मोड बघा’ हे वाक्य त्यांनी दुकानदाराला नक्की दाखवलं असतं.

हे सगळं जुन्या मशीनपुरतं आहे असंही नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून व्हीएमडी नावाचं प्रकरण आलं आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पुन्हा तीच रिकामी यादी. आता तो ‘ड्रायव्हर लोड करा’ एवढं तरी सुचवतो. कुठला ड्रायव्हर ते मात्र तुमचं तुम्ही शोधा.

असो. ज्यांच्या घरी असं मशीन पडून आहे त्यांनी काही विकत घेण्याआधी बायॉसमध्ये जाऊन बघा. तिथे डिस्कचं नाव दिसत असेल तर ती ठणठणीत असेलच असं नाही, पण इन्स्टॉलर म्हणतो तशी गायब नक्कीच नाही. मग साटा मोड बघा: रेड किंवा आरएसटी असेल तर एएचसीआय करा. जुनं विंडोज ठेवायचं असेल तर मोड बदलताना पहिलं बूट सेफ मोडमध्ये होईल अशी सोय आधी करा, नाहीतर निळी स्क्रीन. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. आणि खरोखरच दोन डिस्कचं रेड केलेलं असेल तर मोडला हात लावू नका.

बायॉसलाच डिस्क दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा केबल, पॉवर, आणि आयडीई असेल तर मास्टर-स्लेव्हचे जंपर. व्हियाच्या व्हीटी ८२३७ चिपसेटचा जुना बोर्ड असेल तर ३ गिगाबिटची साटा डिस्क त्याला बऱ्याचदा दिसतच नाही. डिस्कवर वेग १.५ गिगाबिटला बांधणारा जंपर लावायची सोय असेल तर तो लावला की दिसते. तो जंपर सुटा आणायला जाऊ नका, एखाद्या मेलेल्या डिस्कवरचा साइज जुळत असेल तर तोच काढून लावा.