ढाक्याचा विमानतळ : आधी मालाची सोय करा

ढाक्याच्या हजरत शाहजलाल आंतरराष्ट्रीय विमानतळावर १८ ऑक्टोबर २०२५ रोजी आयात मालाच्या गोदामांना आग लागली. तयार कपडा हा बांगलादेशच्या निर्यातीतला सर्वांत मोठा माल. तो बहुतेक चितगाव बंदरातून जहाजाने जातो. विमानाचे महाग भाडे कोणी खुशीने भरत नाही. पण मोसमाची तारीख हुकू लागली की भरावेच लागते, नाहीतर ग्राहक दाम कापतो. नमुने आणि तातडीचे बटन, लेबल असे सामान मात्र विमानानेच मागवतात. त्यांची किंमत ती काय! पण तेवढ्यावाचून हजारो शर्ट अडून पडतात. कपड्याच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगायला नको.

ढाक्याला जागा अपुरी पडे, म्हणून काही माल ट्रकने भारतात येऊन आपल्या विमानतळांवरून परदेशी जात असे. दिल्लीत आपल्या निर्यातदारांना जागेची टंचाई भासे, भाडे चढे. त्यांची तक्रार रास्तच होती. २०२० सालची ती सवलत भारताने ८ एप्रिल २०२५ रोजी काढून घेतली. ढाक्याचा एक दरवाजा बंद झाला आणि सहा महिन्यांत ही आग.

तिथल्या तिसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन ऑक्टोबर २०२३ मध्येच उरकले होते. आग लागली तेव्हाही ते सुरू झालेले नव्हते. या कामात मालासाठीही नव्या इमारती आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की त्या आधी चालू व्हाव्यात. प्रवाशांचे चकचकीत दालन चार महिने उशिरा उघडले तरी कोणाचा कारखाना थांबणार नाही.