मीटर नवे, काउंटर मात्र जुनाच

सीमाभागातल्या एका शहरातले पाणी बिल कार्यालय. सकाळचे साडेअकरा. खिडकी एकच आणि रांगेत पंधरा-वीस जण. पैसे भरायला आलेले मोजकेच. ते काम आता फोनवर होते. बाकीच्यांच्या हातात जुनी बिले, पावत्या, पासबुकाची झेरॉक्स. सर्वांत पुढे उभ्या असलेल्या मावशी सांगत होत्या, "साहेब, तीन महिने रीडिंगला कोण आलंच नाही, आणि आता एकदम एवढं बिल? घरात माणसं दोनच की हो!" आतून उत्तर आले, "आधी भरा, मग अर्ज द्या." कारकुनाला दोष देऊन उपयोग नाही. बिल दुरुस्त करायचा अधिकार त्याच्याकडे नाहीच.

अडचण इथेच आहे. महिन्याला ठरावीक पाणीपट्टी होती तेव्हा वादाला फारशी जागा नव्हती. पैसे घ्या, शिक्का मारा, संपले. मीटर आला की प्रत्येक बिल वेगळे आणि प्रत्येक बिलावर प्रश्न. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या निवडक भागांत 2008 पासून चोवीस तास पाणी आणि मीटरप्रमाणे बिल सुरू झाले. बेळगावात आता ही योजना शहरभर नेली जात आहे. पाइप बदलले, मीटर बसले. पण कार्यालयाची घडीही त्याबरोबर बदलायला हवी.

मावशींच्या बिलाचे गणित मांडू. एक युनिट म्हणजे 1000 लिटर. समजा, महिन्याच्या पहिल्या 8 युनिटना स्वस्त दर आहे आणि घरचा वापर तेवढाच आहे. तीन महिन्यांचे 24 युनिट एकाच महिन्याचा वापर म्हणून धरले, तर 16 युनिट महागड्या टप्प्यात जातात. पाणी तेवढेच, बिल मात्र फुगते. खरे तर स्वस्त टप्पाही तिप्पट, म्हणजे 24 युनिटचा धरायला हवा. गळतीचेही तसेच. मिनिटाला एक लिटर गळणारा नळ दिवसाला 1440 लिटर घालवतो, महिन्याला 43 युनिटच्या वर. हे पहिल्याच महिन्यात कळले तर प्लंबर बोलावता येतो. तीन महिन्यांनी कळले तर फक्त भांडण उरते.

यात कार्यालयाचेही नुकसान आहे. चुकीच्या बिलाची रक्कम वहीत येणे बाकी म्हणून दिसते, वर दंड चढतो, पण हातात काही पडत नाही. ग्राहक पुढची बिलेही थांबवतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. भरणा आणि तक्रार यांच्या खिडक्या वेगळ्या करा. तक्रारीच्या खिडकीवर ठरावीक रकमेपर्यंत दुरुस्तीचा अधिकार असलेला माणूस बसवा. बिलावर रीडिंगची तारीख आणि मीटरचा फोटो छापा; अंदाजे बिल असेल तर तसे स्पष्ट लिहा. वाद मिटेपर्यंत नेहमीच्या सरासरीएवढी रक्कम भरून घ्या आणि नळ तोडू नका. ऑनलाइन आलेले पैसे रोजच्या रोज खात्यावर चढवा.

आणि भाषा. कानडीतले बिल न कळल्याने शेजारच्या पोराला शोधत फिरणारी म्हातारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. म्हणजे मराठीत अर्ज देणे ही कुणाची मेहरबानी नाही. बिलामागे आकड्यांचा खुलासा मराठीत छापला, तर रांगेतली निम्मी विचारपूस घरीच संपेल.

तोवर आपण एवढे करू. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवायचा. तक्रार तोंडी करायची नाही, लेखी द्यायची आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मावशींकडे तसा एकही फोटो नव्हता. म्हणून त्या दिवशी त्यांनी पूर्ण बिल भरले आणि अर्ज लिहून घ्यायला कुणी भेटतो का ते बघत बाहेर पडल्या.