ईश्वर, प्रमाण आणि पूर्वपक्ष

ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न निघाला की महाराष्ट्रातील चर्चा बहुधा दोन वाक्यांत आटोपते. एका बाजूने 'हा श्रद्धेचा विषय आहे, येथे तर्काला प्रवेश नाही' असे बजावले जाते. दुसऱ्या बाजूने 'श्रद्धा म्हणजे बुद्धी गहाण टाकणे' असा शेरा मारला जातो. दोन्ही पक्ष आपापल्या जागी समाधानी असतात. मात्र ज्या तरुणाच्या मनात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला आहे, त्याच्या पदरी काहीच पडत नाही. तो रिचर्ड डॉकिन्स यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला 'द गॉड डिल्यूजन' वाचतो आणि ईश्वराविषयी शंका घेण्याचे धैर्य मानवाला प्रथम युरोपात झाले, असे समजून चालतो. कुमारिल भट्टांचे नावही त्याच्या कानावर आलेले नसते. हा दोष त्याचा नव्हे. त्याला ते न सांगणाऱ्यांचा आहे.

भारतीय दर्शनांच्या परिभाषेत 'नास्तिक' या शब्दाचा अर्थ मुख्यतः 'वेदांचे प्रामाण्य न मानणारा' असा होतो. 'ईश्वर न मानणारा' हा आजचा रूढ अर्थ तेथे लागू पडत नाही. म्हणूनच जगत्कर्त्या ईश्वराची गरज नाही असे म्हणणारे मीमांसक आणि ईश्वर सिद्ध होत नाही असे सांगणारे सांख्य यांची गणना आस्तिक दर्शनांतच होते. यज्ञकर्माचा सर्वांत कट्टर पुरस्कार करणाऱ्या पंथानेच सृष्टिकर्त्याविरुद्ध सर्वांत धारदार युक्तिवाद रचावेत, ही गोष्ट आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकणारी असली, तरी त्या काळातील विद्वानांना तीत विसंगती दिसली नाही.

ईश्वरसिद्धीचे काम प्रामुख्याने नैयायिकांनी केले. त्यांचे मुख्य अनुमान साधे आहे. घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार हा कर्ता आहे. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही कार्येच होत. तेव्हा त्यांनाही कोणी ज्ञानवान कर्ता असलाच पाहिजे. या अनुमानावर सातव्या शतकाच्या सुमारास बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी जो आघात केला, त्याची धार आजही बोथट झालेली नाही. घट मातीचा असतो, वारूळही मातीचेच असते. म्हणून वारूळ कुंभाराने घडविले असे म्हणता येईल काय? ज्या प्रकारची रचना कर्त्यापासून होताना प्रत्यक्ष पाहिली आहे, तेवढ्यापुरतेच अनुमान चालते. 'कार्य' हा एकच शब्द दोन्हींकडे लावल्याने वस्तू सारख्या होत नाहीत. पुढे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनीही जगाची तुलना घराशी करणाऱ्यांना जवळपास हाच प्रश्न विचारला. त्यांचे ते संवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १७७९ साली प्रसिद्ध झाले.

कुमारिलांनी 'श्लोकवार्तिका'त वेगळ्याच बाजूने हल्ला चढविला. सृष्टीपूर्वी काहीच नव्हते, तर ईश्वराला शरीर कोठून आले? शरीर नसेल तर इच्छा आणि प्रयत्न कसे संभवतात? त्याने जग निर्माण केले ते कशासाठी? करुणेने म्हणावे, तर तेव्हा करुणा करण्याजोगे जीवच नव्हते. आणि करुणेतून निर्माण झालेल्या जगात एवढे दुःख का? क्रीडेसाठी म्हणावे, तर जो पूर्ण तृप्त आहे त्याला क्रीडेची गरज काय? आणि सुखदुःख ज्याच्या त्याच्या कर्मानुसार मिळते असे उत्तर दिले, तर मग सारे काम कर्मच करते; ईश्वराला उरते काय?

या प्रश्नांना बगल देणे नैयायिकांना शक्य होते. राजाश्रय मिळवून प्रतिपक्षाचे तोंड बंद करण्याची मागणीही करता आली असती. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधिकाळात 'न्यायकुसुमांजली' लिहिली, तिची रचनाच या बाबतीत बोलकी आहे. ग्रंथाचे पाच स्तबक आहेत. त्यांतील पहिले चार ईश्वराविरुद्धचे आक्षेप एकेक करून मांडण्यात आणि त्यांचे निरसन करण्यात खर्ची पडले आहेत. ईश्वराच्या बाजूची प्रमाणे पाचव्या स्तबकात येतात. पूर्वपक्ष पुरता ऐकून घेतल्याविना सिद्धांत मांडण्याचा अधिकार नाही, हा या परंपरेचा दंडक होता.

नैयायिकांची उत्तरेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. कर्तृत्वाला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न लागतात. शरीर हे त्याचे लक्षण नव्हे. आत्मा स्वतःच्या शरीराला हलवितो, तेव्हा तो दुसऱ्या एखाद्या शरीराची मदत घेत नाही. कर्म स्वतः जड आहे. कुऱ्हाड सुताराच्या हाताविना चालत नाही, तसे कर्मही चेतन अधिष्ठात्याविना फळ देऊ शकत नाही. ही उत्तरे सर्वांना पटली असे नव्हे. विक्रमशिलेच्या रत्नकीर्तींनी अकराव्या शतकात ईश्वरसाधनाच्या खंडनासाठी स्वतंत्र प्रबंध लिहिला. वाद चालू राहिला, आणि चालू राहिल्यामुळेच दोन्ही पक्षांचे तर्क अधिकाधिक सूक्ष्म होत गेले.

या वादातील सर्वांत विचारप्रवर्तक भूमिका मात्र रामानुजाचार्यांची आहे. त्यांच्या ईश्वरभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही 'श्रीभाष्या'त त्यांनी नैयायिकांचे अनुमान स्वतःच मोडून काढले. घटाच्या दृष्टांतावरून कर्ता सिद्ध करू पाहाल तर तो शरीरधारी ठरेल, एक न ठरता अनेक ठरतील. असा मर्यादित कर्ता म्हणजे परमात्मा नव्हे. ईश्वराचे ज्ञान श्रुतीतूनच होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पश्चिमेत इमॅन्युएल कांट यांनी १७८१ साली ईश्वरसिद्धीच्या रूढ युक्तिवादांचे खंडन केले, तेही ईश्वरकल्पनेला नैतिकतेच्या क्षेत्रात जागा राखून. दोघांचे मार्ग अगदी भिन्न आहेत. तथापि कच्च्या प्रमाणावर श्रद्धेचा डोलारा उभारण्यास दोघेही तयार नव्हते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

आज ईश्वराविषयीचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा न राहता निष्ठेची कसोटी होऊन बसला आहे. प्रश्न विचारणारा शत्रुपक्षाचा ठरतो, आणि पूजा करणारा अडाणी ठरतो. कुमारिलांना पहिल्या निकषावर समाजाबाहेर काढावे लागेल, आणि उदयनाचार्यांना दुसऱ्या निकषावर निर्बुद्ध ठरवावे लागेल. ज्या मापाने ही दोन्ही माणसे बाद होतात, ते मापच खोटे आहे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा जोपासणारे पंडित होऊन गेले. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चा आरंभच चार्वाकमताने होतो, त्यावर म. म. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी लिहिलेली संस्कृत टीका पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२४ साली प्रसिद्ध केली. वेदांताला वाहिलेल्या शास्त्र्यांनी चार्वाकाचे म्हणणेही तितक्याच काळजीने उलगडून दाखवावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. शाळा-महाविद्यालयांतून, कीर्तनाच्या पूर्वरंगातून, व्याख्यानमालांतून हे वाद मराठीत पुन्हा मांडले गेले, तर प्रश्न पडलेल्या मुलाला गप्प बसविण्याची वेळ घरच्यांवर येणार नाही.

'न्यायकुसुमांजली'च्या अखेरीस उदयनाचार्य ईश्वराची प्रार्थना करतात, ती या संदर्भात मननीय आहे. एवढे युक्तिवाद ऐकूनही ज्यांचे मन वळले नाही, त्यांच्यासाठी ते शिक्षा मागत नाहीत. तुझे खंडन करण्यासाठी का होईना, हे लोक तुझेच चिंतन करीत आले आहेत; तेव्हा योग्य काळी तूच कृपा करून त्यांनाही तारून ने, असे ते विनवितात. आयुष्यभर प्रतिपक्षाशी झुंजलेल्या पंडिताची ही भाषा आहे. ईश्वराच्या बाजूने बोलू पाहणाऱ्यांनी निदान एवढी उंची गाठण्याचा प्रयत्न करावा, आणि विरुद्ध बोलू पाहणाऱ्यांनी उदयनाचार्यांचे पाचही स्तबक वाचून मगच लेखणी उचलावी.