आवरणाआडचा गंज

समुद्रतळावरचे तेल आणि वायू तरंगत्या जहाजापर्यंत पोचवणारा लवचिक पाइप बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून तुटायच्या बेतात असू शकतो. ब्राझीलने 2017 मध्ये हे अनुभवले. तिथल्या प्री-सॉल्ट, म्हणजे मिठाच्या जाड थराखालच्या तेलक्षेत्रात, सुमारे 2000 मीटर खोल पाण्यात, वायू परत भूगर्भात भरण्यासाठी वापरला जाणारा असा एक पाइप ठरलेले आयुर्मान संपण्याच्या पुष्कळ आधी निकामी झाला. पाइपातल्या पोलादी तारांना गंजाच्या भेगा पडल्या होत्या आणि त्यामागे कार्बन डायऑक्साइड होता. ब्राझीलच्या तेल नियामक संस्थेने, एएनपीने, त्याच वर्षी सुरक्षा-इशारा काढला. तो इशारा केवळ ब्राझीलपुरता नाही.

या पाइपात एकावर एक थर असतात. सर्वांत आत पोलादी सांगाडा, त्यावर तेल-वायू अडवणारे प्लॅस्टिकचे आवरण, त्यावर दाब आणि ताण पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या व तारा, आणि बाहेर समुद्राचे पाणी रोखणारे दुसरे प्लॅस्टिक. जहाज लाटांवर हलते, पाइप त्याच्याबरोबर वाकतो. पाइपाचा सगळा भार या तारांवर असतो. प्लॅस्टिक द्रव अडवते, वायू मात्र पूर्णपणे अडवत नाही. सोड्याची बंद बाटली काही महिन्यांनी मिळमिळीत होते, कारण वायूचे रेणू प्लॅस्टिकमध्ये विरघळून हळूहळू पलीकडे निघतात. पाइपात हेच कित्येक पट जास्त दाबाखाली आणि उष्णतेत घडते. मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्याची वाफ आतले आवरण ओलांडून दोन आवरणांमधल्या पोकळीत, म्हणजे नेमक्या तारांपाशी जमतात.

तिथे पाणी असेल तर कार्बन डायऑक्साइडचे आम्ल होते. पोकळी चिंचोळी, पाणी थोडे आणि पोलाद भरपूर, त्यामुळे ते पाणी लवकरच विरघळलेल्या लोहाने संपृक्त होते आणि झीज मंदावते. याच हिशेबावर हा उद्योग वर्षानुवर्षे निर्धास्त राहिला. तार दरवर्षी किती पातळ होते ते मोजायचे आणि आयुष्य ठरवायचे. पण ताणलेली मजबूत तार तुटायला पातळ व्हावीच लागते असे नाही. पाणी, कार्बन डायऑक्साइडचा मोठा दाब आणि सततचा ताण एकत्र आले की तारेत बारीक भेग पडते, ती आत सरकत जाते आणि एके दिवशी तार तडकते. वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल तर धोका आणखी वाढतो. ब्राझीलच्या मेरो क्षेत्रातल्या वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक आहे. तिथल्या नव्या प्रकल्पांत कंपन्या कठीण पोलादी रायझरकडे, म्हणजे तळापासून जहाजापर्यंत चढणाऱ्या न लवचिक पाइपांकडे, वळल्या, ही त्या धोक्याची कबुलीच आहे.

पोकळीत साचलेला वायू बाहेर पडावा म्हणून पाइपाच्या वरच्या टोकाला झडपा असतात. त्या तुंबल्या तर आतला दाब बाहेरचे आवरण फाडतो. पाइप बसवताना आवरणाला चीर पडली तरी समुद्र आत शिरतो. चीर लाटांच्या माऱ्यात, पृष्ठभागाजवळ असेल तर प्राणवायूही आत येतो, आणि गंज रोखणारे विद्युत (कॅथोडिक) संरक्षण तिथे धड पोचत नाही. उपाय अवघड नाही: पोकळीत नायट्रोजन भरून किंवा निर्वात करून तिच्यातली मोकळी जागा मोजायची. जागा कमी भरली तर आत पाणी आहे. झडपांतून निघणारा वायू मोजला आणि तपासला तरी पुष्कळ कळते. ही मोजणी नियमित होते का, आणि तिचे आकडे कोण पाहतो, हे आम्ही विचारतो आहोत.

भारतातही मुंबईच्या पश्चिमेला डी-1 क्षेत्रात तेल तरंगत्या जहाजावर घेतले जाते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या 98/2 गटातून जानेवारी 2024 मध्ये तेल निघू लागले, तेही अशाच जहाजावर. डी-1 च्या उथळ समुद्रात ब्राझीलइतका पाण्याचा दाब नाही, हे खरे. पण फाटलेल्या आवरणाला खोली लागत नाही. आणि रायझरमधून वायू सुटला की काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हाय नॉर्थ या तेल-फलाटावर जहाजाची धडक बसून रायझर फुटला, काही तासांत फलाट जळून कोसळला आणि 22 जण गेले. तिथे कारण धडक होते, गंज नव्हे. पण सुटलेल्या वायूला कारणाशी कर्तव्य नसते.

2008 च्या नियमांनुसार समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेची देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. संचालनालयाने देशातल्या प्रत्येक लवचिक रायझरच्या पोकळीची चाचणी ठरावीक मुदतीत बंधनकारक करावी, निकाल जाहीर करावेत आणि पोकळीत पाणी आढळलेल्या पाइपाला तारांची तपासणी झाल्याशिवाय मुदतवाढ देऊ नये. आयुर्मानाचा कागद पुरेसा मानणे थांबवावे. त्या जहाजांवर आणि फलाटांवर काम करणाऱ्या माणसांना आपल्या पायाखालचा पाइप कोणत्या अवस्थेत आहे हे जाणण्याचा हक्क आहे, आणि तो त्यांना दुर्घटनेआधी मिळायला हवा.