क्वांटम नंतर, आधी लंबक

बारावीनंतर सुटलेलं फिजिक्स तिशीत परत खुणावतंय असे आपल्या आयटीत ढिगाने आहेत. उत्तमच. पण तयारी म्हणून जे चालतं ते बघून डोकं फिरतं राव. कृष्णविवरांचे व्हिडिओ, पंधरा टॅब उघडे, आणि वर "गणित नको, नुसता कन्सेप्ट कळला की झालं".

अहो, गणित काढून टाकलं की फिजिक्सबद्दलच्या गप्पा उरतात, फिजिक्स नाही! हॉकिंगनं १९८८च्या पुस्तकात एकच समीकरण ठेवलं, कारण तो तुम्हाला फिजिक्स शिकवायला बसलाच नव्हता.

दुसरा पंथ "एंट्रन्सला पैकीच्या पैकी होते" वाल्यांचा. बरं, मग साधा लंबक घ्या. एक मीटर लांबी, एका पूर्ण झोक्याला साधारण २ सेकंद, सूत्र तोंडपाठ. आता दोरीऐवजी हलकी दांडी लावा, ९० अंशांवर नेऊन सोडा. किती वेळ लागेल? सुमारे २.३७ सेकंद, म्हणजे १८ टक्के जास्त. फरक आला कुठून? सरांनी फळ्यावर घाईत साईन थीटाच्या जागी नुसता थीटा लिहिला ना, तिथून. तो लहान कोनालाच चालतो. ही अदलाबदल केली नाही तर नेहमीच्या फंक्शन्सनी ते समीकरण सुटतच नाही.

पण आपण कोड लिहिणारी माणसं! पायथॉनच्या वीस ओळी, वेळेचे बारीक तुकडे, प्रत्येक तुकड्याला वेग आणि कोन बदलायचा. अगदी साधी ऑयलर पद्धत वापरलीत तर गंमत बघा, लंबक दर झोक्याला थोडा थोडा वर चढतो. फुकटची ऊर्जा! ती कुठून आली हे कागदावर शोधण्यात एक अख्खा शनिवार जातो, आणि डिफरन्शियल इक्वेशन म्हणजे काय ते तेव्हा कुठे अंगात मुरतं.

फाइनमनची लेक्चर्स २०१३पासून नेटवर फुकट वाचता येतात. जरूर वाचा, पण वाचताना सगळं कळतं आणि गणित सोडवायला घेतलं की पेन हलत नाही, हा त्यांचा जुना दगा आहे. म्हणून सोबत क्लेपनर-कोलेन्कोचं मेकॅनिक्स, एवढं एकच पुस्तक. (पाच पुस्तकं एकदम मागवणाऱ्यांना कोपरापासून दंडवत.) कॅल्क्युलस गंजलं असेल तर आधी महिनाभर तेच घासा. मग रविवारी सकाळी दोन तास वही-पेन्सिल, फोन दुसऱ्या खोलीत. पहिल्या प्रकरणात व्हेक्टर आहेत, त्यातच तीन रविवार जातील. जाऊ द्यात.