कुरणाची पैमाश

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशास पाटसच्या पुढे जे पिवळसर, खुरटे माळ दिसतात ते त्याला निव्वळ ओसाड वाटतात. ही समजूत त्याच्या एकट्याची नसून सरकारी दप्तराचीही आहे. कारण ज्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नव्या जमाबंदीचा पाया घातला, तेथपासून जमिनीची प्रत मातीची खोली व पोत पाहून शेतसाऱ्यासाठी ठरू लागली, आणि जिथे नांगर चालेना तो तुकडा पोटखराब्याच्या रकान्यात गेला.

परंतु माळालाही स्वतःची प्रत असते, व ती वाचण्याची विद्या उपलब्ध आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतातील तृणभूमींचे पाच प्रकार वर्णिले असून, दख्खनचे पठार त्यांतील शेडा-मारवेल या गवतांच्या गटात मोडते. चराई बेताची असेल तोवर ही रसाळ, बहुवर्षायू गवते टिकून राहतात. चराई अतिरेकास गेली की कुसळी गवत माजते, आणि तरीही कळप हटले नाहीत तर अल्पायुषी, निःसत्त्व गवते व शेवटी उघडा मुरूम उरतो. ज्याच्या मेंढरांच्या लोकरीत कुसळे रुततात त्या धनगरास ही उतरंड ग्रंथाशिवाय ठाऊक असते, पण पंचनाम्याच्या वेळी त्याला कोणी विचारीत नाही!

त्याऐवजी अवर्षणप्रवण माळावर चर खणून गिरिपुष्पाची रोपे लावली जातात आणि किती झाडे जगली यावरून माळ सुधारल्याचा अहवाल तयार होतो. पण झाडांच्या संख्येवरून माळ जोखता येत नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्यच पाहा, ते सुमारे पाच चौरस किलोमीटरचे. तेथील चिंकारा दाट झाडीत नव्हे, मोकळ्या गवतात वावरतो.

माझ्या मते पैमाश दसऱ्यानंतर, गवत निसवले असता व्हावी. काही तुकडे कुंपणाने राखून त्यांची चरलेल्या रानाशी तुलना व्हावी, आणि कोणते गवत किती जागा व्यापते हे दरसाल नोंदले जावे. सरसकट चराईबंदी मात्र मला मान्य नाही. जुने गवत वाळून उभे राहिले की नव्या फुटव्यास ऊन मिळत नाही. शिवाय या भागातील लांडग्याची गुजराण बव्हंशी पाळीव जनावरांवरच चालते, तेव्हा धनगराचा वाडा हलला तर लांडग्याचे काय करावयाचे, याचे उत्तर वनखात्याने बंदीच्या हुकुमाआधी द्यावे.